अक्का मागे झोपल्या की पास

शिवलीलाअक्कांनी मला कधी माझ्या नावानं हाक मारली नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वडिलांबरोबर कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांची मागची खोली भाड्यानं मिळते का ते बघायला गेले, तेव्हा त्यांनी वडिलांना विचारलं, "कुठलं पावणं?" वडील म्हणाले, "कोडोलीचं." तेव्हापासून मी 'कोडोली' झाले. "ए कोडोली, चहा घेणार काय?" "कोडोली, आज कॉलेज न्हाय व्हय?" गल्लीत कुणालाच माझं खरं नाव माहीत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शहरात कुणाशी काय बोलावं हे मला कळत नसे, आणि कुणी नाव विचारलं तर तेसुद्धा मी तोंडातल्या तोंडात सांगायचे. गावाच्या नावानं हाक आली की मात्र बरं वाटायचं, गाव सोबत आल्यासारखं. अक्कांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या लक्षात नावं राहत नसत, एवढंच.

अक्का बायकांना मोटार चालवायला शिकवायच्या. दारावर पत्र्याचा बोर्ड होता, 'महिलांसाठी मोटार ड्रायव्हिंग', आणि त्याखाली लहान अक्षरांत, 'पुरुषांनी चौकशी करू नये'. अंगानं भरदार, कपाळाला विभूती, नेसण इरकली लुगड्याची आणि पायात पोरांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे रागावल्या की कानडी सुरू व्हायचं. फारच रागावल्या तर गप्प. बायका म्हणायच्या, अक्का कानडीत बोलत्यात तोवर काळजी न्हाय.

आपण गाडी कशी शिकलो हे त्या प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायच्या, त्यामुळे मला ती गोष्ट पाठ झाली होती. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांच्या सासरी एक जुनी मोटार होती आणि तिची बॅटरी कायम उतरलेली असायची. सकाळी मालक, म्हणजे अक्कांचे यजमान, स्टिअरिंगवर बसायचे, आणि अक्का, जावा नि पोरं मागून ढकलायची. गाडी सुरू झाली की मालक तसेच पुढं निघून जायचे आणि बायका घरात परत यायच्या.

"कैक वर्सं मी ती गाडी ढकललो," अक्का म्हणायच्या. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्या 'मी गेलो, मी आलो' असंच बोलायच्या. "पाठीमागनं तिचा डाग न् डाग मला ठावा. पण आत बसायचं नशीब न्हाय."

एकदा लग्नाला निघताना अक्का शालू नेसून तयार होत्या आणि गाडी नेहमीसारखी बंद. मालक म्हणाले, "चला, ढकला." अक्का स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडून आत बसल्या. म्हणाल्या, "आज शालू हाय अंगावर. आज तुमी ढकला." दारात वऱ्हाडी उभे. मालकांनी आणि धाकट्या दिरांनी धोतर-पँट सावरून ढकलली. गाडी सुरू झाली. आता थांबवायची कशी हे अक्कांना ठाऊक नव्हतं. गाडी जाऊन समोरच्या पिठाच्या गिरणीच्या कट्ट्याला टेकली तेव्हाच थांबली.

"कट्टा फुटला," अक्का शांतपणे सांगायच्या, "पण शालूला सुरकुती न्हाय पडली. दुसऱ्या दिवशीपासनं मालकांनी मला शिकवायला घेतलं. का? तर त्यांस्नी परत ढकलायचं नव्हतं."

शिकवताना त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक आरशाबद्दल: "मागं कोण हाय ते बघितल्याबिगर पुढं जायाचं न्हाय." दुसरं, कुणी बाई "अक्का, मला वाटतं की..." असं सुरू करू लागली की: "वाटतं ते सांगू नगंस. बघ आन् सांग." हे दुसरं वाक्य माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं, कारण माझं प्रत्येक बोलणं 'मला वाटतं' नंच सुरू व्हायचं.

आणि त्यांची एक रीत होती. सरकारी लायसन मिळालं तरी अक्कांच्या लेखी बाई पास होत नसे. पास होण्यासाठी तिनं मंगळवार पेठेतून थेट पन्हाळ्यापर्यंत गाडी चढवायची. जाताना अक्का शेजारी बसायच्या. वर झुणका-भाकर व्हायची. आणि उतरताना अक्का मागच्या सीटवर जाऊन झोपायच्या. खोटं खोटं नव्हे, खरंच झोप लागली पाहिजे. ज्या बाईच्या गाडीत अक्कांना घाटात झोप लागली, ती पास. एका डॉक्टरीणबाईंना तीन वेळा पन्हाळा करावा लागला. प्रत्येक वेळी अक्का वर गडावर म्हणायच्या, "आज बघू, डोळा लागतो का," आणि खाली आल्यावर, "न्हाय लागला."

मी दुसऱ्या वर्षाला असताना अक्कांनी आपली पेट्रोलची गाडी विकली आणि बॅटरीवर चालणारी छोटी मोटार आणली. पेठेत तोवर तसली गाडी कुणी पाहिली नव्हती. दोन दारं, पुढं दोन माणसं, आणि मागं दोन पोरं मावतील एवढी जागा. आवाज नाही. गिअर नाही. पोरं तिला 'साबणाची वडी' म्हणायची. अक्कांचे धाकटे दीर शंकरअप्पा गुळाचे व्यापारी. मालक गेल्यावर घरात शब्द त्यांचा चालायचा. ते म्हणाले, "वैनी, बिनगिअरच्या गाडीवर बायका शिकणार काय?"

"गिअर कुणीबी शिकवंल, भावजी," अक्का म्हणाल्या. "मी रस्ता शिकवतो."

शंकरअप्पा हसले. पण पुढे गाडी बघायला म्हणूनच निम्म्या बायका क्लासला आल्या.

एक त्रास मात्र जुन्या गाडीपासून चालत आलेला होता. कुठंही जरा घासलं, कुणाचा आरसा लागला, की गर्दी जमायची आणि पहिला प्रश्न यायचा, "गाडी कोण चालवत हुतं? बाई? मग बरोबर हाय." पुढचं कुणी ऐकतच नसे. अक्कांचा एक भाचा कबनूरला यंत्रमागांच्या कारखान्यांत कॅमेरे बसवायचं काम करायचा. अक्कांनी त्याच्याकडून एक छोटा कॅमेरा आणि जेवणाच्या डब्याएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र आणलं. ते गाडीत बसवलं इक्बालभाईंनी. इक्बालभाई म्हणजे गल्लीच्या तोंडाला असलेले वायरमन, ट्रक आणि ट्रॅक्टरचं काम करणारे. कॅमेरा काचेच्या आत, आरशाच्या मागं. पुढचा रस्ता सगळा दिसायचा. घरी आल्यावर वायर टीव्हीला लावली की दिवसभराचं चालवणं बघता यायचं.

त्याचा गुण आठवड्याभरातच आला. बिंदू चौकात एक मोटरसायकलवाला आमच्या गाडीला घासला आणि खाली उतरून ओरडायला लागला, पोलिसात चला म्हणाला. अक्का म्हणाल्या, "जाऊ की पोलिसात. आधी घरी चला, टीव्ही बघू." तो बुचकळ्यात पडून मागोमाग आला. सोप्यात, बाहेरच्या खोलीत, बसला. अक्कांनी चहा दिला. टीव्हीवर तो स्वतःच दिसला: मोबाईल मानेत धरलेला, मान वाकडी, आणि हात न दाखवता आमच्यापुढून वळलेला. चहाचा कप तसाच हातात राहिला.

"परत लावा जरा," तो म्हणाला.

परत लावलं.

"मी असा चालवतो व्हय?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "बिस्कीट घ्या."

पुढच्या महिन्यात त्याची बायको क्लासला आली. अक्का तिला म्हणाल्या, "मालकांस्नी पण शिकवलं असतं, पर बोर्डावर पुरुषांस्नी न्हाय म्हणून लिवलंय."

त्या बॅचमध्ये इक्बालभाईंच्या पत्नी शाहीनभाभी होत्या. हुशार, हात हलका, आणि बोलायला अक्कांना पुरून उरणाऱ्या. पण त्यांच्याच पन्हाळ्याला घात झाला. सकाळी गाडी पूर्ण चार्ज होती. काटा टोकाला. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली गेलं, आणि वाघबीळचा चढ निम्मा होतो न होतो तोच गाडी हळू हळू होत उभी राहिली. मी मागं बसले होते. काटा अजून बराच वर होता. चढावरच्या चहाच्या टपरीतला माणूस धावत आला, उसाच्या ट्रॅक्टरवरून दोघे उतरले, आणि त्यांनी ढकलत गाडी कडेला घेतली. अक्का खाली उतरून गाडीच्या मागं उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मराठीत नाही आणि कानडीतही नाही.

ती गोष्ट आमच्याआधी पेठेत पोचली. 'वडी विरघळली,' असं पोरं म्हणू लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, या वेळी सपाट रस्त्यावर, रंकाळ्याजवळ. बायका कमी येऊ लागल्या. भर रस्त्यात बंद पडून लोकांनी ढकलायची, ही लाज घेऊन कोण शिकणार? गाडी विकणाऱ्यांकडं फोन केला तर त्यांनी विचारलं, बाहेरचं काही जोडलंय का? असेल तर काढा. मग शंकरअप्पा सोप्यात येऊन बसले.

"वैनी, कॅमेरा काढा न्हायतर गाडी इका. दोन्ही न्हाय जमायचं. आन् खरं सांगायचं तर आता क्लासच पुरे. दुकानात गल्ल्यावर माणूस पायजे."

अक्कांनी दारावरच्या बोर्डाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कॅमेरा काढला की परत 'बाई हुती म्हंजे बाईचीच चूक'. गाडी इकली की क्लास संपला. भावजी, ह्या बॅचला शाहीन पन्हाळा चढू दे. न्हाय चढली, तर बोर्ड मी माझ्या हातानं उतरवतो आन् गल्ल्यावर बसतो."

शंकरअप्पा म्हणाले, "शब्द?"

"शब्द."

मी दाराआड उभी होते. अक्का आणि गुळाचं दुकान या दोन गोष्टी मला एकत्र डोळ्यासमोर आणताच येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी इक्बालभाईंना बोलावलं आणि मला म्हणाल्या, "कोडोली, ते तुझं काट्याचं यंत्र आण." काट्याचं यंत्र म्हणजे माझा मल्टिमीटर. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी वडिलांनी घेऊन दिलेला, मी तो रुमालात गुंडाळून ठेवायचे. गाडीची सीट उचलली. खाली आठ बॅटऱ्या एकीला एक जोडून ओळीनं बसवलेल्या होत्या.

"कॅमेऱ्याची वायर कुठनं घेतलीस, इक्बाल?"

"ह्या दोघींवरनं, अक्का," इक्बालभाईंनी पुढच्या दोन बॅटऱ्या दाखवल्या. "कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतंय. दोघींचं मिळून बराबर बारा हुतंय. ट्रकात मी असंच करतो की. दोन बॅटऱ्या असत्यात, टेप एकीवरनं वाजतो. आजवर एकबी ट्रक थांबला न्हाय."

"ह्याच दोन का?"

"हात पोचतो न्हवं. बाकीच्या आत हाईत."

मी म्हणाले, "अक्का, मला वाटतं की..."

"वाटतं ते सांगू नगंस. बघ आन् सांग."

मी एकेक बॅटरी मोजली. चूक नको म्हणून प्रत्येक दोनदा मोजली. आतल्या सहा बॅटऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखे होते. पुढच्या दोघींचे बरेच खाली. मी आकडे मोठ्यानं वाचले. अक्का खाली वाकून त्या दोन बॅटऱ्यांकडं बघत राहिल्या, आणि एकदम हसू लागल्या.

"आगं, ही तर माझीच गत झाली की," त्या म्हणाल्या. "सासरी आमी आठ जणी. माझी खोली सैपाकघराला लागून. पाणी आलं, हाक कुणाला? शिवलीला. पावणं आलं, शिवलीला. गाडी ढकलायची, शिवलीला. हाताशी असती तिलाच हाक मारत्यात. बाकीच्या आत बसलेल्या, ताज्यातवान्या. आन् एक दिवस मी तापानं पडलो, तर त्या दिवशी सगळ्या घराची चूल पेटली न्हाय. सात जणी धडधाकट असून." त्यांनी बॅटरीवर हात ठेवला. "ह्या दोघी पडल्या की बाकीच्या सहा भरलेल्या असून काय उपेग? ओळीत हाईत न्हवं?"

इक्बालभाई डोकं खाजवत म्हणाले, "ट्रकाचं इंजन चालू असतं तवा बॅटरी भरत ऱ्हाती. हितं इंजनच न्हाय. खरं हाय."

"आन् हा कॅमेरा दारात गाडी उभी असली तरी चालू असतोय," शाहीनभाभी मागून म्हणाल्या. "मी कवाधरनं सांगतोय ह्यास्नी, त्यो लाल दिवा कायम पेटलेला दिसतोय म्हणून. बायकोचं ऐकत्यात व्हय?"

"दारात चालू पायजे की," अक्का म्हणाल्या. "पोरं खिळ्यानं वरबडत्यात गाडीला. पर त्याचं खाणं त्यानं आपलं आणावं."

पुढचे दोन दिवस सोप्यात नुसता गोंधळ होता. मला पुस्तकात वाचलेलं थोडं आठवत होतं, इक्बालभाईंच्या हाताला वायरी कळत होत्या, आणि अक्का आम्हा दोघांना घरातले दाखले देत होत्या. गाडीतल्या हॉर्नला आणि दिव्यांना वीज देणारी एक पेटी होती. ती आठही बॅटऱ्यांकडून सारखं घेते. कॅमेऱ्याची वायर तिथून घेतली, मध्ये फ्यूज टाकला, आणि तीही अशी की किल्ली फिरवली तरच चालू. गाडी दारात उभी असेल तेव्हासाठी स्कूटरची एक जुनी बॅटरी सीटच्या मागं ठेवली. ती वेगळ्या चार्जरवर घरात भरायची. कॅमेऱ्याला दोन बाजूंना पडणारं बटण लावलं आणि अक्कांनी त्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी चिकटवून एकीकडं 'रस्ता' आणि एकीकडं 'दार' असं लिहिलं. दमलेल्या दोन बॅटऱ्या इक्बालभाईंनी बाहेर काढून आपल्या दुकानात सावकाश वेगळ्या भरल्या. अक्का सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन विचारायच्या, "बाळंतिणी कशा हाईत?"

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मोजलं. आठही आकडे जवळ जवळ आले होते. "मला वाटतं," मी म्हणाले, आणि थांबले. "न्हाय. बघितलं मी. सारख्या आहेत."

अक्कांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरानं थाप मारली की मल्टिमीटर पडता पडता राहिला.

पन्हाळ्याला निघालो त्या सकाळी शंकरअप्पा स्वतः दारात आले होते. कॅमेऱ्याचा दिवा पेटलेला. बटण 'रस्ता' वर. शाहीनभाभी चालवायला, अक्का शेजारी, मी मागं गुडघे हनुवटीला लावून. पूल गेला, केर्ली गेलं. गाडीत कुणीही बोलत नव्हतं, आणि शाहीनभाभी गप्प बसण्याची ती पहिलीच वेळ असावी. वाघबीळचा चढ लागला. टपरीतल्या माणसानं आम्हाला लांबून ओळखलं. तो बाह्या सरसावत रस्त्यावर आला आणि हात वर करून म्हणाला, "ढकलू काय, अक्का?"

गाडी त्याच्यासमोरून आवाज न करता वर गेली. अक्कांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागं बघून ओरडल्या, "चहा टाक. उतरताना येतो."

मला रडू आलं, पण मागच्या सीटवर डोळे पुसायला हात वर काढायचीही जागा नव्हती. घाटातली वळणं आली. शाहीनभाभी प्रत्येक वळणाआधी आरशात बघत होत्या. शेवटचं वळण, मग बुरूज, मग गाड्या लावायची जागा. भाभींनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, अक्कांनी बटण 'दार' वर टाकलं आणि म्हणाल्या, "आता जेवू."

उतरताना अक्का मागं आल्या आणि मी पुढं. पण त्या काही झोपेनात. पुढं वाकून काटाच बघत होत्या. उताराला ही गाडी थोडी थोडी वीज परत भरून घेते हे आम्ही ऐकलं होतं, पण घाटात ते कधी बघायला मिळालं नव्हतं. काटा केसभर वर सरकला.

"बघ, बघ," अक्का म्हणाल्या. "परत देतीया."

"अक्का, तुमी जाग्याच हाय," शाहीनभाभी आरशातून म्हणाल्या. "म्हंजे मी नापास काय?"

"थांब, झोपतो की," अक्का म्हणाल्या आणि डोळे मिटून मोठ्यानं घोरू लागल्या. टपरी येईपर्यंत त्या तशाच घोरत होत्या. मध्ये एकदा एक डोळा उघडून त्यांनी काटा बघितला.

घरी आल्यावर शंकरअप्पांनी सगळा पन्हाळा टीव्हीवर बघितला. वाघबीळचा चढ त्यांनी परत लावायला सांगितला. टपरीवाला बाह्या सरसावतो आणि मग कडेला होतो, तेवढंच. मग उठताना म्हणाले, "वैनी, आमच्या सुनंला पाठवतो सोमवारपासनं." अक्का म्हणाल्या, "तिची खोली सैपाकघराला लागून हाय न्हवं? मग लौकर पाठवा."

बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मला पुण्यात पुढं शिकायला प्रवेश मिळाला. तोवर अक्कांनी मलाही शिकवलं होतं. खोली सोडायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "कोडोली, पन्हाळा ऱ्हायलाय तुझा." चढताना त्या शेजारी बसल्या. वर गेल्यावर भाकरी खाल्ली. उतरताना मागं जाऊन बसल्या, आणि शेजारची सीट रिकामी राहिली. इतकी रिकामी सीट मी कधी पाहिली नव्हती. पहिल्या वळणाला मी वेग कमी केला. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, "अक्का, मला वाटतं..." मागून उत्तर आलं नाही.

मी आरशात बघितलं. कॅनव्हासचे बूट काढून ठेवलेले, गुडघे वर, मान खिडकीला टेकलेली आणि तोंड जरासं उघडं. अक्का गाढ झोपल्या होत्या. मी नजर रस्त्यावर आणली आणि पुढचं वळण घेतलं.